अनुदानाचा अर्ज : आधी ताणा, मग बाणा

सोलापुरातल्या तेलुगू बायकांची पारंपरिक गाणी जपायला आमच्या गटाने अनुदानासाठी केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण विचारायला पत्र लिहिलं, तर दोन ओळींचं उत्तर आलं : विषय महत्त्वाचा आहे, पण तुम्ही नेमकं काय करणार आहात ते समजलं नाही. मी तो अर्ज पुन्हा काढून वाचला. ‘वारसा’, ‘जतन’, ‘संवर्धन’ हे शब्द पानापानावर होते. किती बायका गाणार, कुठे बसून, कोणत्या तारखांना, रेकॉर्डिंग कोण करणार आणि नंतर ते कुठे राहणार, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर चार पानांत नव्हतं. पत्र लिहिणाऱ्यांचं बरोबरच होतं. आमचंच अजून ठरलं नव्हतं, तर त्यांना कसं समजणार?

म्हणून सोलापुरात नाटक, गाणं, लोककला करणारं कुणीही अर्जाबद्दल विचारायला आलं की मी आधी मागाबद्दल बोलते. चादर विणायची तर नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते. त्यावरून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, भोकं पाडलेली कार्डं तयार होतात. उभ्या धाग्यांचा ताणा भरला जातो. एवढं झाल्यावर बाणा, म्हणजे आडवा धागा, फिरायला लागतो आणि बघणाऱ्याला ‘विणकाम’ दिसतं. अर्ज हा बाणा आहे. ताणा म्हणजे कामाचं नियोजन. ताणा न भरता बाणा फेकत बसलं तर हातात गुंताच येतो. आमचा पहिला अर्ज तसाच होता.

आधी अनुदान म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. देणगी देणारा तुमच्यावरच्या विश्वासाने पैसे देतो आणि बाजूला होतो. पुरस्कार झालेल्या कामासाठी असतो. कर्ज फेडावं लागतं. अनुदान हे अजून न झालेल्या, पण ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत, हिशेब देण्याच्या अटीवर मिळतं. ‘आम्ही तीस वर्षं कलेची सेवा करतोय’ एवढ्यावर ते मिळत नाही. ती सेवा खरी असते, तिचा मानही आहे, पण देणाऱ्याच्या टेबलावर प्रश्न वेगळा असतो : या पैशांतून काय होईल आणि ते कधी संपेल?

संपेल, हा शब्द महत्त्वाचा. प्रकल्प म्हणजे ज्याला सुरुवात आणि शेवट आहे असं काम. भजनी मंडळ वर्षानुवर्षं चालतं, तो प्रकल्प नव्हे. त्याच मंडळाने यंदा जुन्या जाणत्यांकडून तीस अभंगांच्या चाली ध्वनिमुद्रित करून घ्यायच्या ठरवल्या, तर तो प्रकल्प. गटाचं आयुष्य आणि प्रकल्पाचं आयुष्य वेगळं ठेवता आलं की निम्मं काम सोपं होतं.

पुढचं सगळं मी आमच्याच एका कामावरून सांगते. रकमा समजायला सोप्या जाव्यात म्हणून गोळाबेरीज केल्या आहेत.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकर आणि विडी कामगार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथल्या बायका सर्वपित्री अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत बतुकम्मा खेळतात. तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, आणखी मिळतील ती रंगीत फुलं थरावर थर रचून देवळाच्या शिखरासारखा उंच आकार करायचा, त्याभोवती फेर धरून टाळ्यांवर गाणी म्हणायची आणि शेवटी ती फुलं पाण्यात सोडायची. गाण्यांत माहेर असतं, देवीच्या कथा असतात, घरातली भांडणंही असतात. ही गाणी बहुतेक तोंडीच चालत आली. काही जणींना तेलुगू घरात बोलता येतं, पण लिपी वाचता येत नाही, कारण शाळा मराठीतली. म्हाताऱ्या बायकांबरोबर लांबलचक गाणी जात चालली आहेत. हे आम्हाला दिसत होतं आणि खुपत होतं.

पहिल्या अर्जात आम्ही लिहिलं होतं, ‘सोलापुरातील तेलुगू लोकपरंपरेचे जतन व संवर्धन.’ दुसऱ्या वेळी हेच वाक्य लिहायला आम्हाला तीन आठवडे लागले : ‘पूर्व भागातल्या २४ बायकांकडून बतुकम्माची ४० गाणी ध्वनिमुद्रित करणे, ती देवनागरीत उतरवून मराठी अर्थासह ३०० प्रतींची पुस्तिका छापणे आणि ती गाणी गाणाऱ्यांच्याच वस्तीत एका संध्याकाळी सगळ्यांना ऐकवणे, कालावधी जून २०२५ ते फेब्रुवारी २०२६.’ हे वाक्य वाचून परक्या माणसालाही काम डोळ्यांपुढे दिसतं. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, आणि माझ्या मते ती वरच्या ओळीपेक्षा जास्त उपयोगी पडली : या कामात माहितीपट, नृत्यरचना आणि समाजाचं इतिहासलेखन हे भाग नाहीत. काय करणार नाही ते लिहून ठेवलं नाही, तर प्रत्येक बैठकीत कुणीतरी ‘तेवढं शूटिंगही करून टाकू’ म्हणतं आणि पैसे तेवढेच राहून काम दुप्पट होतं.

आता वेळापत्रक. इथे आमच्या हातून जी चूक झाली होती ती सविस्तर सांगते.

२०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता. आम्ही नियोजन त्याच आठवणीवर केलं आणि रेकॉर्डिंगचे मुख्य दिवस ऑक्टोबरचा पहिला आठवडा असे टाकले. तक्ता घेऊन आम्ही एका अक्कांकडे गेलो. त्या सुपात तंबाखू-पानं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली. ‘ताई, यंदा दसरा दोन तारखेला आहे की. तुम्ही येणार तवर आमचं बतुकम्मा पाण्यात गेलेलं असतंय.’ खरंच २०२५ मध्ये सर्वपित्री अमावस्या २१ सप्टेंबरला, दुर्गाष्टमी ३० सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला होता. चांद्र पंचांग दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी मारतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने दसरा २० ऑक्टोबरला आहे. ज्यांचं काम सणाशी, जत्रेशी, वारीशी बांधलेलं आहे त्यांनी इंग्रजी महिन्यांवर भरवसा ठेवून वेळापत्रक करू नये. आणि तक्ता पक्का करण्याआधी तो ज्यांच्याकडून काम व्हायचं आहे त्यांना दाखवावा.

नियोजन करायची खरी रीत लग्नघरात सगळ्यांना माहीत असते : मुहूर्तापासून मागे मोजत यायचं. आमचा न हलणारा मुहूर्त २१ ते ३० सप्टेंबर. त्याआधी बायकांची संमती हवी, त्याआधी ओळख हवी, ओळखीला दोन-तीन फेऱ्या लागतात. म्हणजे जून-जुलै घरोघरी जाण्यात. ऑगस्टमध्ये घरात बसून निवांत रेकॉर्डिंग, कारण फेरात गायलेल्या गाण्यात टाळ्यांमुळे शब्द नीट ऐकू येत नाहीत. सप्टेंबरअखेर फेरातलं रेकॉर्डिंग. ऑक्टोबर-नोव्हेंबर शब्द उतरवणं आणि अर्थ लावणं. डिसेंबरमध्ये उतरवलेलं गाणाऱ्यांना वाचून दाखवणं, मग छपाई. जानेवारीचा मधला काळ आम्ही कोराच सोडला. सिद्धेश्वरांच्या यात्रेत, गड्ड्यात, सोलापूरचा माणूस दुसऱ्या कशाला वेळ देत नाही आणि देऊही नये. समारोप फेब्रुवारीत.

या साखळीत काही कामं अशी असतात की ती अडली तर पुढचं सगळं अडतं. शब्द उतरवल्याशिवाय अर्थ लागत नाही, अर्थाशिवाय पुस्तिका होत नाही, पुस्तिकेशिवाय समारोप नाही. नियोजनशास्त्रात याला क्रिटिकल पाथ म्हणतात. समारोपाचं सभागृह, पाहुणे, चहा ही कामं या साखळीबाहेरची. ती आठवडाभर मागेपुढे झाली तरी चालतं. अनुभव असा की गटातले सगळे उत्साहाने सभागृहाच्या मागे लागतात आणि शब्द उतरवणारी एकटी मुलगी नोव्हेंबरमध्ये चौदाव्या गाण्यावर अडकलेली असते. तिला वेळेवर दुसरा जोडीदार देणं, हे त्या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं व्यवस्थापन होतं. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर लागलं नाही. एका मोठ्या कागदावर आडवे नऊ महिने, उभी कामं आणि प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव. दोन नावं लिहिली की ते काम कुणाचंच राहत नाही.

काय बिघडू शकतं तेही आधी लिहावं. आम्ही पावसाचा विचार केला होता, म्हणून दोन दिवस राखीव होते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला मोठा पूर आला, जिल्ह्यात रस्ते बंद पडले आणि रेकॉर्डिंग करणारा बाहेरगावचा मित्र ठरल्या दिवशी पोचू शकला नाही. राखीव दिवस वापरावे लागले, एक दिवस गेलाच. पण ऑगस्टमध्ये घरात केलेलं रेकॉर्डिंग हाताशी होतं, त्यामुळे गाणी वाचली.

आता पैसे. अंदाजपत्रक हा अर्जाचा सर्वात प्रामाणिक भाग असतो. मजकुरात काहीही सुंदर लिहिता येतं, आकड्यांत तुमचं मन दिसतं. अर्ज तपासणारे पुष्कळदा आधी तेच पान उघडत असणार असं मला वाटतं, निदान आता मी दुसऱ्यांचे अर्ज वाचते तेव्हा तसंच करते.

आमचं अंदाजपत्रक तीन लाखांचं होतं. समन्वयकाला नऊ महिने दरमहा १०,००० प्रमाणे ९०,०००. गाणाऱ्या २४ बायकांना दोन बैठकांचे प्रत्येकी १,५०० म्हणजे ३६,०००. रेकॉर्डिंगचे बारा दिवस, यंत्रासह दिवसाला ३,५०० प्रमाणे ४२,०००, आणि नंतरच्या ध्वनिसंपादनाला १५,०००. चाळीस गाणी उतरवून अर्थ लिहायला गाण्यामागे ७५० प्रमाणे ३०,०००. पुस्तिकेच्या ३०० प्रती, प्रत्येकी ८० रुपये, म्हणजे २४,०००. रिक्षा आणि इतर फिरणं महिन्याला हजार, एकूण ९,०००. समारोपाचा मांडव, ध्वनियंत्रणा, चहापाणी ३०,०००. हिशेब तपासणीला ८,०००. आणि अचानक येणाऱ्या खर्चाला १६,०००. बेरीज ३,००,०००.

यात गाणाऱ्या बायकांच्या ३६,००० रुपयांवर आमच्यातच वाद झाला. ‘त्या हौसेने गातात, पैसे कशाला?’ असं एक मत होतं. माझं मत तेव्हाही ठाम होतं आणि आजही आहे. विडी कामगाराला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. ती आपल्यासमोर बसून तीन तास गाते तेव्हा तेवढ्या विड्या बुडतात. रेकॉर्डिंगवाल्याला पैसे, छापखान्याला पैसे, मांडववाल्याला पैसे, आणि जिच्या गळ्यात गाणं आहे तिला शाल-श्रीफळ, हे अंदाजपत्रक मला लिहिता येणार नाही. ‘कलाकार विनामानधन सहभागी होतील’ हे वाक्य लिहिल्याने अर्ज स्वस्त आणि आकर्षक दिसतो असं लोकांना वाटतं. वाचणाऱ्याला मात्र एवढंच कळतं की या गटाने आपल्या कलाकारांचा विचार केलेला नाही. समन्वयकाच्या मानधनाचंही तसंच. ते मागायला संकोच वाटतो, मग तो माणूस चौथ्या महिन्यात नोकरीच्या मागे लागतो आणि काम बसतं.

प्रत्येक आकड्यामागे गुणाकार दिसला पाहिजे. ‘प्रवास ९,०००’ असं नुसतं न लिहिता नऊ महिने गुणिले हजार. दर कुठून आला हे विचारलं तर कोटेशन दाखवता आलं पाहिजे. मजकूर आणि अंदाजपत्रक एकमेकांशी ताडून बघा. आमच्या पहिल्या अर्जात मजकुरात बारा कार्यक्रम होते आणि अंदाजपत्रकात दहाच कार्यक्रमांचा प्रवास. हे लक्षात आलं ते नामंजुरीनंतर. वस्तीतलं कुणी ओळखीचं मंदिराचं आवार फुकट देत असेल, गटातले चार जण बिनपैशाचं काम करणार असतील, तर त्याचीही किंमत ‘आमचा वाटा’ म्हणून वेगळी लिहा. अनेक योजनांना संस्थेचा स्वतःचा वाटा बघायचा असतो आणि तुमचा तो असतोच, फक्त लिहिलेला नसतो.

इतकं झाल्यावर अर्जातले प्रश्न सोपे जातात, कारण ते फिरून फिरून तेच असतात. काय करणार, का करणार, आत्ताच का, तुम्हीच का, झालं हे कसं कळणार. ‘तुम्हीच का’ याला पुरस्कारांची यादी हे उत्तर नाही. आमच्यातल्या दोघी त्याच वस्तीत वाढल्या, एकीची आई फेरात गाते, हे उत्तर. ‘कसं कळणार’ याला ‘जनजागृती होईल’ हे उत्तर नाही. चाळीस गाण्यांच्या फाइली, तीनशे पुस्तिका आणि एक संध्याकाळ, हे उत्तर. अर्जाची भाषा जड करू नका. घरी ज्या शब्दांत सांगाल त्याच शब्दांत लिहा, फक्त नीट क्रमाने.

पैसे कुठून मिळतात हे लोक सगळ्यात आधी विचारतात, मी मुद्दाम उशिरा सांगते. व्यक्तीला अर्ज करता येतील अशा योजनांत केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या शिष्यवृत्त्या आहेत : १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांना दरमहा ५,०००, पुढे २५ ते ४० वयासाठी कनिष्ठ अभ्यासवृत्ती दरमहा १०,००० आणि चाळिशीपुढच्यांना वरिष्ठ अभ्यासवृत्ती दरमहा २०,०००, प्रत्येकी दोन वर्षं. वय आणि रकमा त्या-त्या वर्षाच्या जाहिरातीत पुन्हा तपासून घ्याव्यात. नाट्य, नृत्य, संगीताच्या गटांना गुरू-शिष्य परंपरेसाठी आणि महोत्सव, परिसंवाद, निर्मितीसाठी त्याच मंत्रालयाच्या वेगळ्या योजना आहेत. संगीत नाटक अकादमीही संस्थांना अर्थसाहाय्य करते. पहिलं पुस्तक काढू पाहणाऱ्याला महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. खासगी संस्थांत बंगळूरुची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९३ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ पासून अनुदान देते. तिथे मराठीसह कोणत्याही भारतीय भाषेत प्रस्ताव पाठवता येतो. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहिलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जाणत्या माणसांना हे सांगितलं पाहिजे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा, म्हणजे सीएसआरचा, विचार सोलापुरात अजून कमी होतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती, वारसा आणि पारंपरिक हस्तकला स्पष्ट लिहिलेल्या आहेत.

बहुतेक ठिकाणी संस्थेची कागदपत्रं लागतात : १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी, संस्थेचं पॅन, सरकारच्या एनजीओ दर्पण या संकेतस्थळावरचा क्रमांक, बारा-ए आणि ऐंशी-जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीच्या नोंदण्या, मागच्या काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. सीएसआर हवा असेल तर सीएसआर-वन हा फॉर्म भरून मिळणारा नोंदणी क्रमांक. परदेशातून पैसे येणार असतील तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आधी हवी, त्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. ही कागदं अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत. आज अर्ज करायचा नसला तरी ती कामं आज सुरू करावीत.

मंजुरीनंतर बँकेत पैसे येतात तेव्हा गटात पेढे वाटले जातात. त्याच दिवशी एक फाइलही उघडावी. ज्याने पैसे घेतले त्याची सही, तारीख, कशासाठी हे लिहिलेली पावती. पाच हजारांपुढच्या रोख पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प. मोठ्या मानधनावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापावा लागतो का, हे सीएंना सुरुवातीलाच विचारणं, कारण शेवटी कळलं तर ते पैसे कुणाच्या खिशातून जाणार हा प्रश्न उभा राहतो. सरकारी अनुदानाला शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणजे ज्यासाठी पैसे घेतले त्यावरच ते खर्च झाले याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला. तो दिल्याशिवाय पुढचा हप्ता किंवा पुढचं अनुदान अडतं. खर्चाच्या एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात वळवायचे असतील तर आधी लेखी विचारायचं. आम्हाला पुरामुळे रेकॉर्डिंगचा एक दिवस कमी करून संपादनाला पैसे वाढवायचे होते. एक साधा मेल लिहिला, होकार आला. न विचारता केलं असतं तर तीच गोष्ट गैरव्यवहार दिसली असती.

हे शिकायचं कसं? प्रशिक्षणवर्ग असतात, मिळाले तर करावेत. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते उलट्या अभ्यासाने. गटाने मागच्या वर्षी केलेला एखादा कार्यक्रम घ्यायचा आणि जणू तो अजून व्हायचा आहे असं समजून त्याचं एका वाक्याचं वर्णन, नऊ-दहा ओळींचं वेळापत्रक आणि गुणाकारासह अंदाजपत्रक लिहायचं. खरा खर्च आपल्याला माहीत असतो, त्यामुळे आपण कुठे आकडा विसरतो ते लगेच कळतं. आम्ही दर वेळी पाणी, झेरॉक्स आणि परत जातानाच्या रिक्षा विसरत होतो. मग तो कागद कलेशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्यायचा. आमच्याकडे ते काम चाटी गल्लीत कापडाचं दुकान असलेल्या एका काकांनी केलं. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘पुस्तिका तीनशेच का? बायका चोवीस आहेत, मग बाकीच्या कुणाला?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना वस्तीतल्या शाळा आणि वाचनालयांची यादी तयार झाली आणि ती तशीच अर्जात गेली.

डिसेंबरमध्ये उतरवलेली गाणी वाचून दाखवायला गेलो तेव्हा त्याच अक्कांनी पुस्तिकेच्या मसुद्यावर स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. म्हणाल्या, ‘हे माझ्या आईनं शिकवलेलं आहे. तिचं नाव वर लिवा, माझं खाली.’ चोवीस जणींना आम्ही मग हाच प्रश्न विचारला, कुणाकडून शिकलात? पुस्तिकेला चार पानं वाढली. तो खर्च अचानक खर्चाच्या शीर्षातून गेला, त्याची पावती आणि कारण फाइलीत लावलं. शेवटी हिशेबात काही रुपये उरले. ते अहवालासोबत परत पाठवले.